डावा १७५, उजवा ६०

रविवार, रात्रीचे साडेदहा

हाताचा वास काही जात नाही. दोनदा साबण लावला, एकदा बेसन आणि लिंबू चोळलं. सडक्या मासळीसारखा वास आहे आणि नखांच्या कडेला राखाडी रेघ तशीच. रविवार असून आज पांढऱ्या रश्श्यालाही तोच वास लागला. आई म्हणाली, "चमच्यानं खा."

आण्णांची जुनी टू-स्ट्रोक गाडी आहे. वर्षभर तिचे पुढचे शॉकप मला छळत होते. ब्रेक लावला की नाक खुपसायची, आणि खड्ड्यांची रांग लागली की मनगटं सुन्न व्हायची. दिवाळीत गगनबावड्याला जाऊन आलो, तेव्हा कळे गावाच्या पुढं थांबून हात झटकावे लागले. मी रस्त्याला शिव्या देत होतो. डाव्या पाईपवर तेलकट ओघळ दिसायचा, तो फडक्यानं पुसायचा आणि पुढं जायचं, एवढीच माझी देखभाल.

ऑईल शेवटचं कधी बदललं ते आठवायला बसलो, तर आठ वर्षं झाली. एका गॅरेजवाल्यानं तेव्हा सांगितलं होतं, "भावा, इंजिन ऑईलच घालतो आणि थोडं जास्त घालतो, गाडी कडक हुईल." कडक म्हणजे चांगली, ही आपल्याकडची समजूत. मीही मान डोलावली. आणि मी काम काय करतो, तर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर बोअर मारतो, म्हणजे मापात गोल भोकं पाडतो. दोन शतांश मिलीमीटर इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट. दिवसभर व्हर्निअर हातात असतं, आणि स्वतःच्या गाडीच्या नळ्यांत काय आणि किती आहे हे आठ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

काल दुपारी सुट्टी झाल्यावर गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा सारला आणि पुढचं चाक अधांतरी केलं. वरच्या टोपीला हात लावायच्या आधी तिला धरून ठेवणारा टी-चा, म्हणजे दोन्ही पाईप धरणाऱ्या पट्टीचा, बोल्ट ढिला करायचा असतो. हे मला टोपीची कड थोडी पिंजल्यावर आठवलं. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून शेवटचे आटे सोडताना तळहातानं दाबून धरलं आणि तोंड बाजूला ठेवलं. टोपी उडून कपाळाला बसलेला एक जण आमच्याच खात्यात आहे.

स्प्रिंगा काढल्या. बॉटम, म्हणजे खालची नळी, वर ढकलून फोर्क, म्हणजे शॉकपचा पाय, पूर्ण मिटवला, नळी सरळ उभी धरली आणि वरच्या काठापासून तेलापर्यंत स्टीलची पट्टी सोडली. उजवीकडं ६० मिलीमीटर. डावीकडं पट्टी जातच राहिली, १७५. पुन्हा मोजलं, तेच आलं. नळीचं आतलं माप २६ मिलीमीटर धरलं तर हा फरक ६० मिलीलिटरच्या आसपास येतो. तेवढं तेल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, माझ्या फडक्यावर आणि रंकाळ्याच्या रस्त्यावर गेलं. पुढं ड्रम ब्रेक आहे म्हणून निभावलं. डिस्क असती तर हेच तेल पॅडवर उतरलं असतं.

जॉब कार्डाच्या मागं ढोबळ हिशेब मांडला. तेल दबत नाही, दबते ती वरची हवा. म्हणजे ती मोकळी जागा ही दुसरी स्प्रिंगच. फोर्कचा प्रवास ११० मिलीमीटर धरला आणि पूर्ण मिटल्यावर वर १४० जागा उरली, तर हवा २५० वरून १४० वर येते, पावणेदोन पटीहून थोडी जास्त दबते. जागा ६० च असेल तर १७० वरून ६०, पावणेतीन पटीहूनही थोडी जास्त. त्या गॅरेजवाल्याचा कडकपणा तो हाच. सुरुवातीला काही कळत नाही, शेवटी शेवटी भिंतीवर आदळल्यासारखं होतं, आणि तो दाब रोज सीलवर पडतो. डाव्या सीलनं हार मानली, उजवं अजून लढत होतं.

इंजिन ऑईलचा त्रास वेगळा. आतल्या दांड्याला बारीक भोकं असतात, फोर्क दबताना आणि परत उघडताना तेल त्यांतून ये-जा करतं. तेल दाट असेल तर एका खड्ड्यातून फोर्क वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो. मग तो दबलेलाच राहतो, आणखी खाली बसतो, आणि पुढचे सगळे धक्के थेट मनगटात. गगनबावड्याच्या रस्त्याला मी उगाच बोललो. सगळंच उगाच नव्हे म्हणा.

दोन्ही पाय खाली खेचून काढले, उलटे करून पंधरावीस वेळा पंप केले आणि रात्रभर बादलीवर टांगून ठेवले. तेल कसलं, राखाडी गाळच होता. सकाळी दोन्हीकडं नवी सील बसवली. जुनं सील काढताना स्क्रूड्रायव्हरखाली कापडाची घडी ठेवली, नाहीतर बॉटमच्या काठावर ओरखडा पडतो आणि नवं सीलही गळतं.

नवं ऑईल १०डब्ल्यू, फोर्कचं, इंजिन ऑईलपेक्षा पातळ. पुस्तकात प्रत्येक पायाचे मिली दिलेत, पण पाय पूर्ण कधीच निथळत नाही, म्हणून मिलीवर विसंबायचं नाही. दोन्हीत थोडं जास्त ओतलं, हळूहळू पंप केलं, बुडबुडे थांबेपर्यंत. दहा मिनिटं तसंच उभं ठेवलं. मग मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी. नळीच्या टोकापासून १४० मिलीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, ती पट्टी पाईपच्या काठाला टेकवली आणि ओढत राहिलो. तेल त्या पातळीला आलं की नळी हवा ओढते, फुर्र आवाज येतो. झालं. दुसऱ्या पायालाही तीच नळी, तीच चिकटपट्टी. दोन्ही पाय सारखे असणं महत्त्वाचं, पाचदहा मिलीमीटर वरखाली मग चवीप्रमाणं.

आण्णा खुर्ची टाकून बघत होते. "किती वेळ त्या नळकांड्याशी खेळत बसणार हाईस?" त्यांची सगळी नोकरी उद्यमनगरात फाउंड्रीत गेली, मोल्डिंगला. वाळूत ओल किती हे ते मूठ आवळून सांगायचे. मुठीतला गोळा मोडायचा आणि त्याच्या कडा बघायच्या. अंदाज हे त्यांचं हत्यार होतं, आणि ते चुकायचे नाहीत. मी मनात म्हटलं, पण त्यांनी निदान रोज मूठ तरी आवळली. मी आठ वर्षांत टोपीसुद्धा उघडली नव्हती. बोललो नाही. बोललो असतो तर ते खूश झाले असते आणि मग थांबले नसते.

चाक बसवल्यावर एक्सल पूर्ण आवळायच्या आधी पुढून चारपाच वेळा दाबून घेतलं, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. फोर्क किती दबतो ते कळावं म्हणून डाव्या पाईपवर एक केबल टाय बांधला आणि खाली सीलला टेकवला.

संध्याकाळी फुलेवाडीवरून बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास येत होता, आणि माझ्या हातांचाही. स्पीड ब्रेकरवर गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. डुचमळली नाही. जोरात ब्रेक दाबून बघितला, नाक अजून थोडं खाली जातं. हवेची जागा १३० करून बघेन कदाचित, पण आधी महिनाभर असंच चालवणार. घरी येऊन केबल टाय बघितला, ८५ मिलीमीटर वर सरकला होता. सील कोरडं.

आण्णांनी हँडल धरून एकदाच दाबलं. "मऊ लागत्या," म्हणाले. मग जुनं तेल कुठं ठेवलंय ते विचारलं. गावाकडं गोठ्याच्या चौकटीला वाळवी लागलीय, तिला फासायला हवंय. बाटली दिली. एवढं पुरेल का विचारलं, तर म्हणाले, "अंदाजानं बघू की."