वयाने लहान गुरू

गुरुपौर्णिमेला फजिती झाली माझी. तबल्याचे सर जाऊन तीन वर्षं झाली, आता मी त्यांच्याच मुलीकडे शिकतो, ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पाया पडायला वाकलो तर चटकन मागे सरकली, "अहो दादा, काय हे!"

येताना सिद्धेश्वर तलावावर टेकलो जरा (सवय आहे, इलाज नाही) आणि सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, आठवले. बाराव्या शतकातला माणूस, 68 लिंगं स्थापली, हा तलाव खणून घेतला, केवढं काम! आणि शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या लिंगायत संतांच्या, कथेत त्यांच्यातलेच एक अल्लमप्रभू सोन्नलगीत म्हणजे आपल्या सोलापुरात येतात आणि आल्या आल्या विचारतात काय, तर तो वड्डर, म्हणजे दगडमातीची कामं करणारा, सिद्धराम कुठंय? कामावरची माणसं चिडून दगड मारतात, सिद्धरामही भडकतात, मग बोलता बोलता गाडी येते ती, बाहेर एवढं बांधलंस पण आत काय, यावर. शेवटी ते अल्लमांबरोबर कल्याणला (मुंबईजवळचं नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण) जातात आणि इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घेतात ती चेन्नबसवण्णांकडून, बसवण्णांच्या भाच्याकडून. वयाने लहान!

गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण कळली सरांकडे. कॉलेजात असताना युवा महोत्सवात बक्षीस मिळालं म्हणून पेढे घेऊन गेलो. सर पूर्व भागात राहायचे, शेजारी दिवसभर पॉवरलूमची खटखट. पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बोटं लई पळवलीस बे, पण स्वतःचं कधी ऐकलंस का? तो माग बघ, त्याला कोण टाळ्या देत नाही, लय सोडतो का?"

पुढचे आठ महिने नुसता तीनतालाचा ठेका. 16 मात्रा, बस. कायदा नाही, रेला नाही, म्हणजे बोटं पळवायच्या रचना बंद. मनात जाम शिव्या घातल्या, दोनदा क्लास सोडला पण. सर डोळे मिटून शेजारी बसायचे, बोलायचे काही नाही. एका संध्याकाळी लाइट गेली, सगळे माग एकदम थांबले, अंधारात मी आपला वाजवत राहिलो, किती वेळ कुणास ठाऊक, आणि लाइट आली तेव्हा बघतो तर सरांचा हात त्यांच्या मांडीवर बरोब्बर माझ्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडत होता. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. अध्यात्म वगैरे शब्द मला झेपत नाहीत, पण जे काय असतं ते त्या अंधारात होतं एवढं नक्की.

परवा क्लासला तिला मुद्दाम एक रेला ऐकवला, यूट्यूबवरून बसवलेला, जोरात. तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"झालं? आता ठेका धरा, दादा."