उटीत ढगाखाली

तलाव, बोटॅनिकल गार्डन, दोड्डाबेट्टा हे सगळं एकदाचं उरकलं. गर्दी इतकी, की त्यावर चार ओळी लिहायचीही इच्छा नाही. मला ओढ होती ती टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, कॉस्मिक रे लॅबोरेटरीची, आणि पत्रव्यवहार करून परवानगी आधीच काढली होती.

२२०० मीटर उंचीवरचा हिरवा उतार, आणि त्यावर आठ-आठ मीटरवर उभे शंकूच्या आकाराचे सुमारे ४०० डिटेक्टर. हा ग्रेप्स-३ प्रयोग. अवकाशातून आलेला एखादा प्रोटॉन हवेच्या वरच्या थरात आदळला की कणांची सर खाली येते. कोणत्या डिटेक्टरला किती नॅनोसेकंद आधी कण लागले, यावरून ती कुठल्या दिशेने आली ते कळतं. त्यातली सिंटिलेटरची (कण लागला की चमकणारी) प्लास्टिकं आणि बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स इथेच बनतात, हे ऐकून मला फार अभिमान वाटला.

पण खरा खिळलो तो म्यूऑन टेलिस्कोपपाशी. म्यूऑन म्हणजे त्याच सरीतला, इलेक्ट्रॉनसारखाच पण बराच जड कण. टेलिस्कोप म्हणतात खरं, पण त्याला ना भिंग ना आरसा. सहा-सहा मीटर लांबीच्या चौकोनी लोखंडी नळ्या, एकूण ३७१२, थरावर थर रचलेल्या आणि डोक्यावर दोन मीटर जाडीचं काँक्रीट. एवढं भेदून जातात ते मुख्यतः म्यूऑनच. आपल्या तळहातातूनही सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथे मी नकळत हात पुढे धरला.

बाहेर ढग दाटले होते, म्हणून १ डिसेंबर २०१४ च्या वादळाची गोष्ट निघाली. त्या दिवशी म्यूऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली होती. येणाऱ्या म्यूऑनांत धनभारित थोडे जास्त असतात. ढगातलं विद्युतक्षेत्र एका भाराच्या कणांना वेग देतं, दुसऱ्यांना रोखतं, त्यामुळे एकूण आकडा हलतो. त्या घटीवरून ढगातला विभव, म्हणजे व्होल्टेज, काढला, तो निघाला १.३ अब्ज व्होल्ट! ढगात इतका प्रचंड विभव असू शकतो, असं भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच म्हटलं होतं. फुगे आणि विमानं ढगाचा एखादाच पट्टा चाचपतात. इथे अख्खा ढग जमिनीवरून मोजला गेला.

उटीला येणाऱ्या शाळा-कॉलेजांच्या सहली तलावावरून परत फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिक्षकांनी महिनाभर आधी पत्र लिहून विचारून तरी पाहावं.