तिसरा टर्बो

सरांची गाडी वाईच्या गॅरेजात आली ती मागे निळा धूर सोडत. सरांच्या हातात तिसऱ्या टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, कोटेशन. १.० लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो पेट्रोल. साडेचार वर्षांची गाडी, मीटरवर फक्त २३,००० किलोमीटर. पहिला टर्बो गेला, दुसरा एका गॅरेजात बसवला, आणि चार महिन्यांत पुन्हा धूर.

"हे छोटं इंजिनच कच्चं. विकतो आणि साधं, बिनटर्बोचं दीड लिटरचं घेतो. बरोबर ना?"

मी आधी डिपस्टिक काढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर, आणि वासाला सरळ पेट्रोल. सर म्हणाले, "बघा, ऑइल एक थेंब कमी होत नाही." आम्हाला त्याचीच भीती. थंड इंजिनात जादा पेट्रोल पडतं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. घर ते शाळा तीन किलोमीटर. तेवढ्यात ऑइल तापतच नाही, मग ते पेट्रोल उडून जाणार कधी?

मग इनटेकचा पाइप काढून टर्बोचं चाक बोटाने हलवलं. आडवा किंचित खेळ होता. तो असतोच, शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे खेळ बोटाला जाणवला नाही. पात्यांच्या कडा शाबूत, हाउसिंगवर घासल्याची खूण नाही. स्कॅनरवर अंडरबूस्टचा, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा, पी०२९९ कोड नाही. म्हणजे दुसरा टर्बो धडधाकट होता! मग धूर कुठला?

टर्बोतून ऑइल परत नेणारा खालचा रिटर्न पाइप सोडला आणि कपाळाला हात लावला. फ्लॅंजवर धातूची गॅस्केट हवी, तिथे सिलिकॉन थापलेलं. आवळताना ते आत सरकलं आणि निम्मं भोक बुजलं. टर्बोतून ऑइल खाली येतं ते निव्वळ उतारावर, त्याला मागून दाब नसतो. आत रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात. वाट तुंबली, त्यात सम्पची पातळीही वाढलेली, की ऑइल त्या कड्यांपलीकडे जाऊन सायलेन्सरमधून धूर होऊन निघतं. टर्बोच्या किमतीपुढे गॅस्केटची किंमत ती काय! पण सिलिकॉनची ट्यूब हाताशी असते, आणि "टर्बो गेला" म्हणणं सोपं असतं.

पहिला टर्बो मात्र खरंच मेला होता. टर्बोला ऑइल नेणारा फीड पाइप तोच जुना ठेवला होता. आत डांबरासारखा काळा थर, पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅंजो बोल्टमधली जाळी अर्धी बंद, म्हणजे टर्बोला पुरेसं ऑइलच नाही. सर्व्हिस बुकात दोन ऑइल बदलांमध्ये २६ महिने. नियम १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी येईल ते. सरांनी फक्त किलोमीटर मोजले. "अहो, गाडी फिरतेच कुठे?" आणि रविवारी तेच पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल घेऊन पसरणी घाट, पूर्ण बूस्टवर, पाचगणीत पोचताच चावी बंद. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतं. शेवटचा मिनिटभर गाडी हलकी चालवावी किंवा आयडलला ठेवावी, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

नवा फीड पाइप, जाळीसकट नवा बोल्ट, दोन्ही गॅस्केट नव्या, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, एपीआय एसपी दर्जाचं ऑइल, फिल्टर. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये पहिल्या टर्बोचं ऑइल साचलेलं, ते धुतलं. टर्बोच्या फीडच्या भोकात ऑइल ओतून फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, ऑइल चढेपर्यंत नुसतं क्रॅंक केलं, मगच स्टार्ट. सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत धूर राहील, हे सरांना आधीच सांगितलं. नाहीतर रस्त्यातूनच फोन आला असता.

चाचणीला चौघे बसून पसरणी चढलो. तिसरा गिअर, २,२०० आरपीएम, एकदाही गिअर पाडावा लागला नाही. १.० टर्बोला साधारण १७० न्यूटन-मीटर टॉर्क १,७५० आरपीएमच्या आसपासच मिळतो. साध्या दीड लिटरला १४५च्या आसपास, तोही ४,०००च्या वर. म्हणजे दुसरा गिअर आणि इंजिनची बोंब. शिवाय टर्बो नसलेलं इंजिन पाचगणीच्या उंचीवर दहा टक्क्यांहून जास्त ताकद गमावतं. आणि १,२०० सीसीच्या वरची पेट्रोल गाडी २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटीत. चार मीटरच्या आतली, छोट्या इंजिनाची १८ टक्क्यांत.

हे सगळं रविवारचं. सोमवार ते शनिवार तीन किलोमीटर आहेतच. त्याला पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलिंडरबाहेर फवारणारं) साधं दीड लिटर बरं. पेट्रोल त्यातही उतरतं, पण कमी, आणि दुर्लक्ष झालं तरी उपाशी मरायला टर्बो नाही. सरांना म्हटलं, विकायची घाई नको, दर सहा महिन्यांनी ऑइल बदला, आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा, आणि डिपस्टिक बघत राहा.

तीन आठवड्यांनी सरांनी डिपस्टिकचा फोटो पाठवला. मी ऑइल मॅक्सच्या किंचित खाली भरलं होतं. फोटोत ते खुणेच्या दोन मिलिमीटर वर होतं.