रस्ता ओलांडायला किती सेकंद? अर्ज, मोजणी आणि मधलं बेट : माझा अनुभव

शाळेजवळच्या चार लेनच्या रस्त्यावर लोकांना पायी ओलांडता यावं, एवढीच मागणी होती. पहिला अर्ज अपघातांच्या नोंदींवर आधारलेला होता आणि तो परत आला, कारण नोंदी फारशा नव्हत्याच. ज्या रस्त्याची धास्ती असते तिथं म्हातारी माणसं फिरकत नाहीत आणि मुलांना गाडीवर बसवून शाळेत सोडलं जातं. मग अपघात व्हायचा कोणाचा? वही कोरी राहते आणि रस्ता सुरक्षित ठरतो.

आरोग्याचं नुकसान मात्र चालूच असतं. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या चालक-वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं. शाळेत पायी जाण्यायेण्यात यातली बरीच मिनिटं आपोआप निघतात, पण रस्ता ओलांडता आला तर. म्हणून दुसऱ्या अर्जात अपघात बाजूला ठेवले आणि सेकंद मोजले.

सामान थोडकंच लागतं : लांब टेप, खडू, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. रुंदी फुटपाथच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत घ्यायची, तीही लोक खरोखर जिथून ओलांडतात त्या रेषेवर. नकाशावरचा आकडा उतरवून घेऊ नका. कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर तिथं ओलांडायचं अंतर सरळ भागापेक्षा दोन-तीन मीटरनं सहज वाढतं, आणि गोलाई मोठी म्हणून वळणाऱ्या गाड्याही वेग कमी करत नाहीत.

आता चार लेन, प्रत्येकी 3.5 मीटर, म्हणजे 14 मीटर असं धरा. सिग्नलच्या वेळा ठरवताना बऱ्याच ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबानं 12 सेकंद पुरतात. वयस्कर माणूस 0.8 नं चालला तर 17.5 सेकंद लागतात. सिग्नल नसलेल्या ठिकाणी तेवढी फट दोन गाड्यांमध्ये मिळायला हवी. दोन्ही दिशा मिळून तासाला 600 गाड्या असतील तर सरासरी दर 6 सेकंदांना एक गाडी येते. गाड्या विखुरलेल्या येतात असं मानलं तर 17.5 सेकंदांपेक्षा मोठ्या फटी शंभरात जेमतेम पाच निघतात.

मध्ये रेफ्यूज आयलंड, म्हणजे थांबायला उंचावलेलं बेट असेल तर गणितच पालटतं. एका वेळी एकाच दिशेकडे बघायचं, 300 गाड्या, 6 मीटर (बेटासाठी लेन 3 मीटरच्या केल्या की दोन लेनचं अंतर), 7.5 सेकंद. आता शंभरातल्या पन्नासहून जास्त फटी पुरतात. अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वजन या दोन ओळींना मिळालं. एक सावधगिरी : जवळ सिग्नल असेल तर गाड्या थव्यानं येतात आणि हा हिशेब चुकतो. तिथं अर्धा तास बसून फटीच मोजाव्या लागतात.

बेटाला जागा कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. लेन 3.5 वरून 3 मीटरवर आणल्या की चार लेनमधून 2 मीटर सुटतात आणि तेवढीच बेटाची रुंदी होते. बाबागाडी ढकलणारा माणूस किंवा व्हीलचेअर मागेपुढे चाकाखाली न येता उभी राहायला साधारण 1.8 ते 2 मीटर लागतातच. कागदावर हे जमतं. त्या रस्त्यावरून बस जात असेल तर फसतं, कारण बस आरशांशिवायच अडीच मीटरच्या आसपास रुंद असते आणि बसच्या लेनला 3.25 मीटर मागितले जातात. दोन लेन तशा धरल्या की बेट दीड मीटरवर येतं. दीड मीटरचं बेट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर माणूस उभा राहतो आणि चाकं रस्त्यात राहतात. त्यापेक्षा अर्धा मीटर कडेच्या पार्किंगमधून काढावा. ओलांडायच्या जागेच्या अलीकडचं पार्किंग तसंही हटवायलाच हवं, कारण उभ्या गाडीआडून येणारं मूल चालकाला दिसत नाही.

वेगाची मोजणी स्वस्त आहे, पण फसवी. 50 मीटरवर दोन खुणा करायच्या. ते अंतर 6 सेकंदांत कापणारी गाडी ताशी 30 किलोमीटरनं जाते, 3.6 सेकंदांत कापणारी 50 नं. खुणा 20 मीटरवर ठेवल्या तर बोटाची चूक आकडाच खाऊन टाकते. पुढे किमान 5 सेकंद मोकळी असलेलीच गाडी मोजा. रांगेतली गाडी स्वतःचा वेग निवडत नसते. अशा 100 गाड्यांचे वेग चढत्या क्रमानं लावले की 85 वा आकडा रस्त्याचा स्वभाव सांगतो : शंभरातल्या 85 गाड्या त्या वेगानं किंवा त्याहून हळू जातात. आणि चमकणारं जाकीट घालून कडेला वही घेऊन उभं राहू नका. चालकांना पोलीस वाटतो, वेग उतरतो, सगळी सकाळ वाया जाते. मोजणी खिडकीतून किंवा गच्चीवरून करावी.

हे आकडे मांडताना थांबण्याचं अंतर जोडलं. चालकाला भान यायला 1.5 सेकंद आणि कोरडा रस्ता धरला तर 30 च्या वेगात गाडी साधारण 17.5 मीटरमध्ये थांबते. 50 च्या वेगात तेवढ्या अंतरापर्यंत ब्रेकवर पायही पडलेला नसतो. थांबायला जवळपास 35 मीटर लागतात.

हवा आणि आवाज मोजायचा मोह आवरता घेतला. स्वस्त सेन्सर दमट हवेत सूक्ष्म कण फुगवून दाखवतात आणि मोबाइलचं ॲप प्रमाणित नसतं. शिवाय वाहतूक निम्मी झाली तरी आवाज फक्त 3 डेसिबलनं उतरतो; अशा आकड्यानं चांगला प्रस्तावही लंगडा दिसतो.

मंजुरी मिळते ती आधी तात्पुरत्या मांडणीला : रंग, ट्रॅफिक कोन आणि बेटाच्या जागी पाण्यानं भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे. अग्निशमन गाडी वळणार नाही, हा आक्षेप हमखास येतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा कोन मांडून गाडीच बोलवावी आणि वळवून बघावी. साधा रंग ओला झाला की घसरतो, तेव्हा त्यात वाळूसारखा खरखरीत कण मिसळून घ्या. उंचावलेलं क्रॉसिंग करायचं ठरलं तर आधी पाण्याचा उतार तपासा. फुटपाथपर्यंत भरलेला भराव पन्हळ अडवतो आणि नेमकं चढणीच्या पायथ्याशी तळं साचतं. मग लोक क्रॉसिंग सोडून बाजूनं जातात.

दुसरी मोजणी लगेच करू नये. पहिल्या आठवड्यात चालक नवलाईनंच हळू जातात. तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत आणि वार, वेळ, खुणा, खिडकी सगळं पहिल्यासारखंच ठेवावं. परीक्षा आणि सुट्टीचे दिवस वगळावेत. वेगासोबत या वेळी ओलांडणाऱ्यांची संख्याही घ्यावी आणि काठी टेकत येणारे, एकटी मुलं, बाबागाडीवाले वेगळे लिहावेत. पहिल्या मोजणीत हे रकाने राहून गेले तर तुलनेला काहीच उरत नाही.

कोनांची नोंद रोज सकाळी ठेवा. एखादा कोन रोज त्याच जागी आडवा सापडत असेल तर तिथं मोठ्या गाडीचं मागचं चाक आत येतंय. काँक्रीट ओतण्याआधी तेवढा कोपरा मागे घ्यावा किंवा तिथं चाक चढेल अशी बसकी कड करून घ्यावी.