कपाटाबाहेर राहिलेली डबी

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची असताना एका सकाळी आजीच्या खोलीतून काहीतरी खुळखुळवत बाहेर आली. तिच्या हातात माझ्या आईची आठवड्याच्या गोळ्यांची डबी होती, बुधवारचा कप्पा उघडा होता आणि खालच्या ओठावर पांढरा चुरा चिकटलेला होता. त्या कप्प्यात मधुमेहाची गोळी असे.

आमच्या घरी औषधांचे कपाट उंचावर होते आणि त्याला कुलूपही होते. आई गोळी घेण्यासाठी डबी काढून पाणी आणायला गेली, तेवढ्यात हे घडले. मुलगी हसत होती, खेळत होती, म्हणून "थोडा वेळ पाहू या" असे आम्ही म्हटले असते, तर फार मोठी चूक झाली असती. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते आणि तो परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो. डॉक्टरांनी तिला 24 तास ठेवून घेतले, दर तासाला बोट टोचून साखर तपासली. संध्याकाळी ती खरोखरच उतरली आणि शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले.

तेव्हापासून मला कपाटापेक्षा कपाटाबाहेर राहिलेल्या वस्तूची धास्ती अधिक वाटते. पाहुण्यांची पर्स, उशाशी ठेवलेली गोळ्यांची पट्टी, फरशी पुसताना उघडी राहिलेली फिनाईलची बाटली, असे प्रसंग प्रत्येक घरात येतात. मुलांना उघडता येऊ नये अशा झाकणांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतील नियमानुसार, पाच वर्षांखालील मुलांच्या चाचणीत दहा मिनिटांनंतरही किमान 80 टक्के मुलांना झाकण उघडता आले नाही, तर ते उत्तीर्ण ठरते. उरलेल्या मुलांच्या हाती ते उघडूही शकते. आठवड्याच्या डब्यांना तर बहुधा असे झाकणही नसते.

पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल, थिनर किंवा ॲसिड भरून ठेवण्याची सवय मात्र मला अक्षम्य वाटते, कारण मूल बाटली ओळखते, आतला द्रव नव्हे. रॉकेलचा खरा धोका फुप्फुसांना असतो. गिळताना ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरते आणि उलटी करवली तर तीच वाट पुन्हा मोकळी होते. ॲसिड उलटून येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. म्हणून घशात बोट घालणे किंवा मिठाचे पाणी पाजणे हे घरगुती उपाय कृपा करून करू नका. तोंडात उरलेले पुसून काढावे, बाटली किंवा पट्टी सोबत घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. पट्टीतल्या किती गोळ्या कमी आहेत, हे मोजून सांगितले तर डॉक्टरांचे काम बरेच सोपे होते. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर आधी रुग्णवाहिका बोलवावी.

रिमोट किंवा खेळण्यातला नाण्यासारखा चपटा सेल गिळला गेला, तर घाई आणखीच करावी लागते. तो अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे "शौचावाटे पडेल" म्हणून न थांबता लगेच एक्स-रे काढून घ्यावा.

मुलाने औषध घ्यावे म्हणून त्याला खाऊ म्हणणे आम्ही त्याच आठवड्यात बंद केले. आई आता गोळी घ्यायला स्वयंपाकघरात येते, आधी पेला भरते आणि मगच कपाटाचे कुलूप काढते.