एक गोविंदा, तीन बाप: जुन्या कागदांची उलटतपासणी

खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव घरात एक सांगतात, शाळेच्या दाखल्यावर दुसरं असतं आणि फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) तिसरंच. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव वंशावळीत चढतं. हे टाळायचं तर प्रत्येक नोंदीला आधी विचारावं: माहिती दिली कुणी, घटनेनंतर किती काळाने, आणि नोंद करायची गरज कुणाला होती?

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. नावं काल्पनिक आहेत, पण यातला एकेक घोळ पश्चिम महाराष्ट्राच्या दप्तरांत हमखास भेटतो. शाळेचं जनरल रजिस्टर, १९२१: ‘गोविंदा बाबाजी’, जन्म १ जून १९१३. वारस फेरफार, १९२६: ‘राणोजी बिन गोविंदा मयत, वारस १) तुकाराम २) गोविंदा अज्ञान, अ.पा.क. तुकाराम’ (‘राणोजी बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा राणोजी). आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत शके १८३७ चा लेख: राणोजी, बंधू सखोजी, राणोजीचा पुत्र तुकाराम, सखोजीचा पुत्र गोविंदा. म्हणजे बाबाजी, राणोजी, सखोजी, असे तीन बाप झाले.

शाळेपासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त विश्वास तिथेच ठेवतात. १ जून ही तारीख दिसली की ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली आहे असंच धरावं. वर्षही एक-दोनने मागेपुढे होऊ शकतं. वडिलांचं नाव मुलाला शाळेत घेऊन आलेल्या माणसाने सांगितलेलं असतं, आणि पुष्कळदा तो स्वतःचंच नाव सांगून मोकळा होतो. मुलगा मामाकडे राहत असेल तर पालकाचं नाव सरळ बापाच्या जागी चढतं. म्हणून टाइप केलेला उतारा घेऊन समाधान मानू नये. त्यात खाडाखोड दिसत नाही आणि काही रकाने गळतात. मूळ पान पाहावं आणि त्याच्या पुढची-मागची दोन-चार वर्षंही चाळावीत. शाळा गोविंदाच्या गावची आहे का? याच बाबाजीची आणखी मुलं त्या रजिस्टरात वेगळ्या आडनावाने आली आहेत का? आली असतील तर बाबाजी हा मामा असण्याची शक्यता बळावते.

फेरफाराची गोष्ट वेगळी. तो जमिनीसाठी केलेला कागद आहे. नोटीस निघते, भाऊबंदांना हरकत घेता येते, मग नोंद मंजूर होते. त्यामुळे जमीन कुणाच्या नावावर आली यावर फेरफाराचा भरवसा धरता येतो, पण नातं काय होतं यावर तितका नाही. वर दिलेल्या नोंदीत ‘वारस’ एवढंच आहे, ‘मुलगे’ कुठेही नाही. नक्कल वाचताना ‘मुलगे’ हा शब्द आपण मनाने घालतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आता अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अल्पवयीन खातेदाराच्या वतीने कारभार बघणारा. बाप वारला आणि आई घरात असेल तर इथे बहुधा आईचं नाव येतं. इथे तुकाराम आहे, म्हणजे आई वारली असावी किंवा तिने पाट लावला असावा. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याप्रमाणे पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपायचा, त्यामुळे अशी बाई कागदावरून एकदम नाहीशी होते. तिचा शोध मग दुसऱ्या नवऱ्याच्या गावी, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ या खुणेपुढच्या नवऱ्याच्या नावावरून घ्यावा लागतो.

राणोजीने गोविंदाला दत्तक घेतलं असेल, ही शंका लगेच येते. पण पोटचा मुलगा हयात असताना हिंदू पुरुषाला दत्तक घेता येत नव्हतं, आणि तुकाराम तर समोर उभा आहे. दत्तक खरंच असतं तर फेरफारात बहुधा तसं लिहिलेलं सापडतं, किंवा दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदलेलं असतं. इथे सरळ अर्थ लागतो तो ए.कु.मॅ.चा, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजरचा. जमीन दोघा भावांची, नाव थोरल्याचं. सखोजी आधी गेला तेव्हा कागदावर काहीच बदललं नाही. राणोजी गेल्यावर सखोजीचा वाटा गोविंदाच्या नावाने वर आला. हे पडताळायला राणोजीचं नाव जमिनीच्या हक्कनोंदीत ज्या फेरफाराने लागलं तो क्रमांक काढावा आणि तिथे ए.कु.मॅ. लिहिलंय का ते पाहावं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली, म्हणून त्याआधीचा फेरफार शोधत बसू नये.

नात्याच्या बाबतीत माझा कौल तीर्थोपाध्यांच्या वहीला. लेख सांगणारा घरचाच, बऱ्याचदा खाली त्याची सही किंवा निशाणी, आणि खोटं सांगून मिळायचं काहीच नाही. श्राद्धाला उलट खरीच नावं लागतात. वह्या गाव-आडनावावर लावलेल्या असतात, तेव्हा जाताना आत्ताचं नाही, मूळ गाव सांगावं. गुरुजी धडाधड वाचून दाखवतात, त्यावर न थांबता लेखाची ओळ स्वतः बघावी. जीर्ण वहीवरून नवी उतरवताना दोन भावांची मुलं एका खाली आलेली असू शकतात. शके १८३७ म्हणजे १९१५-१६: चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली, म्हणजे महसुली, सन असतो, तिथे ५९० किंवा ५९१. शक आणि फसलीची गल्लत झाली की माणूस पाचशेहून जास्त वर्षं इकडेतिकडे जातो. ती चूक निदान लगेच कळते.

या तिन्ही कागदांवरची मात्रा म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना नाव देऊन ‘शोधून द्या’ म्हणू नये. मजकूर मोडीत, आणि मोडी वाचणारा तिथे असेलच असं नाही. गाव आणि वर्षं द्यावीत, इथे जन्मासाठी १९१० ते १९१६, आणि सलग पानांची नक्कल मागावी. ‘गोविंदा’ हे नाव जन्मनोंदीत सापडणारच नाही अशी तयारी ठेवावी. बारशाआधीच नोंद झालेली असते, म्हणून ‘सखोजी बिन गोविंदा यास मुलगा’ एवढंच मिळतं. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ही नोंद बापाच्या गावात न सापडता आजोळच्या बुकात सापडू शकते. आजोळ कुठलं? बाबाजी ज्या शाळेच्या रजिस्टरात भेटला, ते गाव आधी पाहावं.

मृत्यूच्या बाजूला सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ हे महिने ओळीने वाचावेत. इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं भरगच्च असतात, कारण म्हणून बहुतेकांपुढे नुसतं ‘ताप’. त्या तीन-चार पानांत सखोजी आणि त्याची बायको दोघंही मिळाली, तर मुलगा मामाकडे का गेला आणि अ.पा.क. चुलतभाऊ का झाला, दोन्हींचा उलगडा होतो.

नावांच्या रीतीही साक्ष देतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ते बहुधा आजोबा गेल्यावर. इथे थोरला नातू तुकाराम आणि धाकटा गोविंदा, म्हणजे तुकारामाच्या जन्मावेळी आजोबा गोविंदा जिवंत असावेत आणि १९१३ च्या आत गेले असावेत. त्यांची मृत्यूची नोंद त्या दरम्यान मिळाली तर साखळी पक्की होते. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून असा मुलगा घरात बाबू, आप्पा, भाऊ म्हणून वाढतो आणि तेच नाव कुठल्यातरी कागदावर चढतं. तेव्हा दोन नावं दिसली की दोन माणसं असं धरून चालत नाही. बाबाजी हे सखोजीचंच घरगुती नाव असू शकतं का, हे मामाच्या गावची पानं पाहिल्याशिवाय निकाली काढू नये.

मोडी वाचकाला नाव आधी सांगू नका. सांगितलं की त्याला तेच दिसतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, त्यामुळे अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावं आणि संशयाचं अक्षर त्याच कारकुनाने त्याच पानावर दुसऱ्या शब्दात कसं काढलंय ते ताडून पाहावं.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे पुष्कळ जिल्ह्यांची जुनी पानं संकेतस्थळांवर आली, हे उत्तम झालं. पण शोध जातीच्या नोंदीसाठी होता, वंशावळीसाठी नव्हे. तिथे आपलं पान नाही म्हणून ते दप्तरात नाही असं होत नाही. आणि जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर कुणीतरी मांडलेली वंशावळ हा पुरावा नव्हे, ते त्या माणसाचं म्हणणं आहे.

डीएनए चाचणीचा खर्च करण्याआधी एक लक्षात घ्या. राणोजी आणि सखोजी सख्खे भाऊ, दोघांचं वाय गुणसूत्र एकच, त्यामुळे पुरुषवंशाची चाचणी या वादात काहीच सांगणार नाही. ऑटोसोमल (लिंगगुणसूत्रं सोडून बाकीच्या गुणसूत्रांच्या) चाचणीत तुकाराम आणि गोविंदाच्या हयात वंशजांची तुलना होऊ शकते, पण पिढ्या जितक्या खाली तितकं सख्ख्या आणि चुलत भावातलं अंतर पुसट होतं. दोन्हींकडचे सगळ्यात म्हातारे नातू-नाती अजून असतील तर नमुना त्यांचाच घ्यावा, पणतवंडांचा नाही.