तुमची स्वतःची चित्रे कधी काढता?

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री मी शिडीवर उभा राहून हूक ठोकत असतो, तेव्हा खाली चित्र धरून उभ्या असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे वडील हमखास विचारतात, "सर, हे सगळं तुम्हीच का करता? एखादा पगारी माणूस का ठेवत नाही? आणि मग तुमची स्वतःची चित्रं कधी काढता?" हाच प्रश्न जुने सहकारी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर तो जास्तच वेळा कानावर येतो. गेली एकवीस वर्षे कोल्हापुरातील चित्रकार आणि शिल्पकारांच्या एका संस्थेचा कार्यवाह म्हणून मी काम पाहतो आहे. आमच्या संस्थेत अध्यक्षापासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळे कलावंतच आहेत आणि कोणालाही मानधन नाही. शिडीवरून या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलेत आणि उत्तरासाठी थांबलात, म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. चित्रे कमी झाली, हे खरे आहे. दिवाळीनंतरचे दोन महिने आमच्याकडे निसर्गचित्रणासाठी सर्वांत उत्तम असतात. सकाळी रंकाळ्यावर धुके असते, ऊन तिरपे आणि मऊ असते, सावल्या लांब पडतात. नेमके तेच दोन महिने वार्षिक प्रदर्शनाच्या तयारीत जातात. वर्षाला दहा-बारा चित्रे धरली, तरी एकवीस वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. त्याची हळहळ मला वाटते आणि ती लपवण्याचे कारण नाही.

तरीही हे काम चित्रकारांनीच करायचे, असे आम्ही का ठरवले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्या गावाला कलापूर म्हणतात, त्यामागे राजाश्रयाचा मोठा वाटा आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटीतीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या परिसरात ते आयुष्यभर रंगवत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. बाबूराव आणि आनंदराव मेस्त्री यांनी नाटकांचे पडदे रंगवले, आणि पुढे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने चित्रकारांना पोस्टरांचे, नेपथ्याचे, पडद्यांचे काम दिले. त्यानंतर १९२९ मध्ये येथेच उभी राहिलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाही नाही आणि मोठी कंपनीही नाही, अशा गावात चित्रकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिले. कोणी शाळेत कलाशिक्षक झाले, कोणी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कोणी गणपती केले. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणाऱ्यांच्या हातचे काम दोन-चार वर्षांत गेले. आमचे खजिनदार त्यांपैकीच एक आहेत. त्यांची रोजकीर्द तुम्ही एकदा पाहावी. जमा आणि खर्च हे दोन शब्दसुद्धा त्यांनी पाटीवर लिहावेत तसे रेखीव लिहिलेले असतात.

पगारी माणसाबद्दल थोडक्यात सांगतो. संस्था नोंदवायला सात माणसे पुरतात. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली, की दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा, सभांची इतिवृत्ते लिहायची, ही कामे कोणीही प्रामाणिक कारकून करू शकेल. एका देणगीदाराने वर्षभराचा पगार देऊ केला, तेव्हा आम्ही तसा माणूस ठेवलाही होता आणि त्याने दप्तर उत्तम ठेवले. परंतु प्रवेशिका मागवायच्या दिवसांत त्याला फोन येत, की तैलचित्र अजून ओले आहे, आणले तर चालेल का, किंवा काचेऐवजी ॲक्रिलिक लावले आहे, ते घ्याल का. त्याला यातले काही सांगता येत नसे, म्हणून तो नियमपत्रिका वाचून दाखवत असे. पलीकडचा चित्रकार फोन ठेवून देत असे आणि त्या वर्षी चित्र पाठवत नसे. वर्ष संपल्यावर आम्ही तो प्रयोग थांबवला.

खरे उत्तर चित्रे टांगण्याच्या कामात आहे. शंभर-सव्वाशे चित्रे एका सभागृहात लावायची म्हणजे भिंती भरायच्या, असे बाहेरून वाटते. मला हे काम एका ज्येष्ठ पेंटरांनी शिकवले. ते भिंतीवर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर खडूने दोरी मारत आणि प्रत्येक चित्राचा मध्य त्या रेषेवर आणत. मी पहिल्याच वर्षी घाईने हूक ठोकायला लागलो, तेव्हा त्यांनी मला शिडीवरून खाली उतरवले आणि म्हणाले, "पोरा, आधी लांबनं बघ, मग खिळा मार." नंतर त्यांनी एक फिकट जलरंगातले चित्र एका भडक लाल तैलचित्राशेजारी धरायला लावले. जलरंगातले आभाळ माझ्या डोळ्यांदेखत मळकट झाले. तेच चित्र दोन भिंतींच्या कोपऱ्यात, एका पेन्सिल रेखाटनाशेजारी धरल्याबरोबर त्यातला उजेड परत आला. खिडकीसमोर काचेची फ्रेम लावली, तर बघणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसते; दाराशेजारचे लहान चित्र आत शिरणारा माणूस पाहतच नाही; आणि सभागृहाच्या शेवटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणाला घालायचे, हा निर्णय दरवर्षी करावाच लागतो. त्या ज्येष्ठांनी त्यासाठी एक नियम घालून दिला, जो आम्ही आजही पाळतो: कार्यकारिणीतल्या सभासदांची चित्रे सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत लावायची.

एकवीस वर्षे दुसऱ्यांची चित्रे अशी हातात धरून, लांबून पाहून, शेजारी बदलून पाहिल्यामुळे मी जे शिकलो, ते मला महाविद्यालयात मिळाले नव्हते. माझी चित्रे संख्येने कमी झाली, परंतु त्यांतली अलीकडची जी आहेत, ती या टांगण्याच्या रात्रींशिवाय झाली नसती.

आमच्या हातून चूकही झाली आहे. लांबच्या कलावंतांचा येण्याजाण्याचा आणि फ्रेमचा खर्च वाचावा, म्हणून एका वर्षी आम्ही मोबाइलवर छायाचित्रे मागवून त्यांवरून निवड केली. हेतू चांगला होता. भुदरगड तालुक्यातील एका तरुणाचे चित्र निवडीत आले नाही आणि आम्ही त्याला तसे कळवले. तरीही प्रदर्शन लावायच्या दिवशी तो जुन्या चादरीत बांधलेले चित्र मांडीवर घेऊन एसटीने आला आणि म्हणाला, "लावू नका, पण एकदा बघा." आम्ही चादर सोडली. गुऱ्हाळाचे चित्र होते. काहिलीत रस उकळतो आहे आणि तिच्यावरून उठणारी वाफ अर्धा कागद व्यापून छपरापर्यंत गेली आहे. ती वाफ त्याने रंगवलेलीच नव्हती. कोरा कागद तसाच राखून, भोवतीच्या अंधाराचा एक ओला वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, हळूहळू विरवत त्याने ती उभी केली होती. मोबाइलच्या पडद्यावर आम्हाला तिथे नुसता करडा डाग दिसला होता. भिंती भरून गेल्या होत्या, म्हणून आम्ही ते चित्र मधल्या खांबावर लावले आणि पुढच्या सभेत ठराव केला, की निवड मूळ चित्र समोर ठेवूनच होईल. तेव्हापासून चित्रे स्वीकारायला दोन दिवस आणि परत द्यायला दोन दिवस आठ-दहा जणांना बसावे लागते. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या १८८८ पासून चालत आलेल्या संस्थेत आपले चित्र लागावे, असे आमच्या भागातल्या प्रत्येक तरुणाला वाटते आणि वाटावेच; पण महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर फ्रेम सांभाळत जाणे प्रत्येकाला परवडत नाही. त्याचे मूळ चित्र कोणीतरी जवळ घेऊन पाहील, अशी एक जागा त्याच्या जिल्ह्यात असली पाहिजे.

आता पुराबद्दल लिहितो, कारण पगारी माणसाचा प्रश्न माझ्यापुरता तिथे संपला. आमच्या एका दिवंगत सभासदाच्या कन्येने वडिलांची सुमारे दीडशे जलरंगचित्रे संस्थेकडे सोपवली होती. संस्थेची खोली नदीकडच्या सखल भागात, तळमजल्यावर होती. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्या दोन फूट वर लोखंडी कपाटाचा जो खण येत होता, त्यात आम्ही ती ठेवली होती आणि निश्चिंत होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५५ फुटांच्याही वर गेली. खोलीकडे जायचा रस्ता कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर आम्ही कपाट उघडले, तेव्हा कागदांचा गठ्ठा विटेसारखा जड झाला होता आणि त्यातून गाळाचे पाणी ठिबकत होते.

जलरंग डिंकात बांधलेला असतो आणि पाणी लागले, की तो पुन्हा सुटतो. एका सभासदाच्या शाळेचे सभागृह उघडून घेतले आणि आम्ही चौदा जण तिथे तीन दिवस बसलो. कागद ओढायचा नाही. दोन कागदांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिक हळूच सरकवायचे, वरचा कागद त्यावर पेलून उचलायचा आणि टीपकागदावर ठेवायचा. ऊन दाखवायचे नाही. गाळ ओला असताना पुसायला जायचे नाही, कारण त्याच्याबरोबर रंग येतो. तो पूर्ण वाळल्यावर मऊ केसांच्या ब्रशने झाडायचा. अल्ट्रामरीन निळा चटकन सुटतो आणि प्रशियन निळा कागदात मुरलेला असतो, हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे एखाद्या चित्रातले आभाळ कोणत्या निळ्याचे आहे, हे ओळखून आधी कोणते उचलायचे, ते आपोआप ठरत गेले. आम्हा चौदा जणांपैकी दोघांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले होते. दुपारी ते घरचा गाळ काढत आणि संध्याकाळी येऊन ब्रश हातात घेत. त्यांना मी बोलावले नव्हते.

वीसेक चित्रे पुरती धुऊन गेली. तीस-चाळीस चित्रांवर डाग राहिले आणि बाकीची वाचली.

आता संस्थेची खोली पहिल्या मजल्यावर आहे. दारासमोरच्या भिंतीवर त्यांतलेच एक चित्र लावले आहे: पंचगंगेचा घाट, दीपमाळा, पायऱ्यांवर धुणे आपटणारी एक बाई. खालच्या बाजूला पाण्याने ओढलेली तपकिरी रेषा घाटाच्या तिसऱ्या पायरीवरून आडवी गेली आहे. ती रेषा काढून टाकता येते का, असे आम्ही त्या सभासदाच्या कन्येला विचारले होते. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "राहू दे. बाबांनीही पूर आला, की घाटावर जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघून यायचा नेम ठेवला होता." येणारे लोक त्या चित्राची किंमत विचारतात आणि आम्ही ते विकायचे नाही, एवढेच सांगतो.